कवर्गाचं भाडं

पडवीतून कुणीतरी "शरयू" अशी हाक मारली तेव्हा शरयू शेट्ये ताटात तांदूळ निवडत होती. तिला वाटलं, शेजारी कुणाकडे त्या नावाची पाहुणी आलेली दिसते. या घरात तिला नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. मुलगी तेजू आई म्हणायची, देवरुखातली निम्मी माणसं तिच्या हाताखाली शिकलेली असल्यामुळे बाई म्हणायची, आणि नवरा लग्न झाल्यापासून "अगं" म्हणत आला होता.

"शरयू, जरा ये."

आवाज नवऱ्याचाच होता. ती ताट हातात घेऊनच बाहेर गेली. भालचंद्र आरामखुर्चीत बसून गळ्यावरची पट्टी बोटांनी चाचपत होता.

"अहो, बरं वाटतंय ना? एकदम नाव काय घेताय माझं?"

"दुसरा उपाय नाही. ते रोजचं येत नाही. पाहा." त्याने जोर लावला. "अ... अं."

तिने पट्टी दाबून सारखी केली. "म्हणा, काका."

"आआ."

"खोका. गाय. घर."

"ओआ. आय. अर."

"कवर्ग गेला," शरयू म्हणाली. शाळेत तिने आयुष्यभर शास्त्र शिकवलं होतं. आधी निदान, मग काळजी, अशी तिची सवय होती.

"सारेच रजेवर," भालचंद्र म्हणाला आणि हसला. हसण्याचा आवाज यंत्राला काढता येत नसे. ते हसणं फक्त खांद्यांत दिसायचं.

स्वरयंत्रात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी ते काढून टाकलं, त्याला बरीच वर्षं झाली होती. स्वरयंत्र गेलं तरी बोलण्याचे स्नायू जागेवरच असतात. "क" म्हणायचा तर जिभेचा मागचा भाग टाळूकडे उचलला जातो. "त" म्हणायचा तर जिभेचं टोक दातांशी जातं. त्या प्रत्येक हालचालीबरोबर स्नायूत विजेची बारीक लहर उठते, आणि ती कातडीवरून मोजता येते. भालचंद्रचा गळपट्टा तेच करायचा. हनुवटीपासून गळ्यापर्यंत चिकटणाऱ्या त्या पातळ फितीवर सोन्याचे ठिपके होते, आणि प्रत्येक ठिपक्यावर ओल्या जेलचा एक थेंब, कारण कोरड्या कातडीतून इतकी क्षीण लहर पार होत नाही. ठिपक्यांनी टिपलेल्या लहरींवरून यंत्र उच्चार ओळखायचं आणि छातीवरच्या स्पीकरमधून बोलायचं. आवाज मात्र भालचंद्रचाच होता. एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत त्याने सगळी नोकरी काढली होती; तिथल्या घोषणांची जुनी ध्वनिमुद्रणं यंत्राला ऐकवून तो आवाज घडवला होता. त्यामुळे "जेवायला वाढ" हेसुद्धा तो फलाटाला गाडी लागल्यासारखं म्हणायचा.

जेल सुकलं की ठिपका मुका. आधी हनुवटीखालचा सुकला, आणि त्याने क, ख, ग, घ नेले.

गाळलेले उच्चार अंदाजाने भरण्याची सोय यंत्रात होती. भालचंद्रने ती हट्टाने बंद ठेवली होती. एकदा "भात करपलाय" म्हणताना यंत्राने स्वतःच्या अकलेने "भात काय सुरेख झालाय" असं भरलं होतं, आणि शरयूने आनंदाने त्याच्या पानात आणखी दोन डाव वाढले होते. मोडकं का होईना, आपलं आपण बोलावं, हे त्याने त्या दिवशी ठरवलं.

नव्या पट्ट्या मागवायच्या होत्या, आणि खरी अडचण तिथेच होती.

गळपट्टा बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. आता पट्ट्या एकच बाई विकायची. लू छिउफांग तिचं नाव. चीनच्या चेजियांग प्रांतातल्या एका लहान शहरात राहायची. ती त्याच कंपनीत कामाला होती. कंपनी मिटल्यावर उरलेल्या फिती घेऊन तिने घरीच जेल भरायला सुरुवात केली आणि ऑनलाइन दुकान मांडलं. शरयूचं आणि तिचं बोलणं लिहून व्हायचं, भाषांतराचं यंत्र मध्ये ठेवून. फांगच्या पहिल्याच ओळीने शरयू दचकली होती: "लाडके, माल आहे, ऑर्डर दे." तिकडचे दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला असंच म्हणतात, हे नंतर कळलं. "मला जे जमलं नाही ते चीनने करून दाखवलं," असं तेव्हा भालचंद्र म्हणाला होता. पुढे दर शनिवारी सकाळी दोघी मालाव्यतिरिक्तही बोलायला लागल्या. गुडघे, सुना, लोणची.

भाडं मात्र वाढतच होतं. एके काळी चीनमधून आलेलं खेळणं देवरुखच्या बाजारातल्या खेळण्यापेक्षा स्वस्त पडायचं, कारण अशी लाखो चिल्लर पार्सलं एकत्र बांधून जवळजवळ फुकट आणली जात. नव्या नियमांनी ते संपलं होतं. आता प्रत्येक पार्सलाने आपापल्या वाट्याचं इंधन आणि आपापल्या वाट्याचा धूर भरून द्यायचा होता, आणि तो वाटा गणकयंत्र ठरवायचं: वजन किती, जागा किती अडवतं, विमान किती भरलंय, माल जोखमीचा आहे का. सामान्य माल वाऱ्यावर चालणाऱ्या नव्या जहाजांनी सावकाश यायचा. पण सावकाश येण्यात पट्टीचं जेल सुकायचं. शिवाय पट्टीत नखाएवढा सेल असायचा. ओला माल, त्यात सेल, म्हणजे जोखीम. आणि जोखमीचा माल विमानानेच, वेगळ्या पेटीत.

"लाडके, भाडं पुन्हा वाढलं," फांगने लिहिलं. "मलाच सांगायला लाज वाटते."

शरयूने आकडा पाहिला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "फांगताई, एवढ्यात पेन्शन संपेल."

"एवढ्या भाड्यात तू स्वतः येऊन घेऊन जाशील."

शरयू एकटीच हसली. "खरंच की! बघते काय करता येतं ते. बरं, येते मी."

बऱ्याच वेळाने फांगची ओळ आली. "नक्की?"

"हो, नक्की."

"कधी?"

त्यांचं पुढचं बोलणं नेहमीसारखं शनिवारीच होणार होतं. "शनिवारी, सकाळी," शरयूने लिहिलं आणि ती भात बघायला उठली.

पुढच्या एकदोन दिवसांत शरयूच्या लक्षात आलं, की कवर्ग गेला म्हणजे नुसती चार अक्षरं गेली नाहीत. काय, कोण, कुठे, कधी, किती, कसं, का... मराठीतला बहुतेक प्रत्येक प्रश्न त्याच दारातून बाहेर पडतो, आणि ते दार बंद झालं होतं. ज्याने आयुष्यभर प्रश्न ऐकण्याचा पगार घेतला, त्याला आता एकही प्रश्न विचारता येईना. मग त्याने एक युक्ती काढली. तो प्रश्नाचं उत्तरच ठोकून द्यायचा आणि वाट बघायचा.

"आज आमटी असणार," तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणायचा.

"आमटी नाही, पिठलं आहे."

"चालेल. तेजूचा फोन आला असावा."

"आला होता. बरी आहे. तुमची चौकशी केलीन."

"तू दमलेली दिसतेस."

यावर शरयूचा हात परातीत थांबला. पूर्वी तो विचारायचा, "काय झालं तोंड पाडायला?" आणि तिथून भांडण कुठेही जाऊ शकायचं. आता विचारता येत नसल्यामुळे त्याला आधी तिच्याकडे नीट बघावं लागत होतं.

"दमले नाही," ती म्हणाली. "पट्टीची काळजी लागलीय."

"तीही येईल," तो म्हणाला.

त्याच्या तोंडी आपलं नाव ऐकायची तिला सवय होऊ लागली होती, आणि ती आवडूही लागली होती. पण बाकीचे ठिपके आळीपाळीने सुकणार हे तिला ठाऊक होतं. गळपट्टा मिळण्याआधीचे मुके महिने तिला पुन्हा नको होते.

फांगचे निरोप मधूनमधून येत होते आणि या वेळी ते जरा निराळे होते. "इकडे थंडी आहे, जाड कपडे असू देत." शरयूने लिहिलं, "हो, तुम्हीही जपा." फांगने विचारलं, "तू मासे खातेस?" शरयूने कळवलं, "कोकणातली आहे मी!" मग, "गादी मऊ लागते की कडक?" फांगची पाठ दुखत असेल म्हणून बिचारी विचारतेय असं समजून शरयूने लिहिलं, "कडकच बरी." मग एक फोटो आला. "हे आमचं स्टेशन. पूर्वेचं दार." शरयूने लिहिलं, "छान स्वच्छ आहे हो." आणि शेवटी आलं, "पट्ट्या तयार आहेत. हातातच देईन."

शरयूचा जीव भांड्यात पडला. "फांगताईंनी काहीतरी मार्ग काढला," तिने नवऱ्याला सांगितलं. "हातात देणार म्हणतायत, म्हणजे कुणी ओळखीचं येणार असेल."

"देवीच ती," भालचंद्र म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओठांजवळचा ठिपका गेला आणि प, फ, ब, भ, म गेले. त्यानंतर तो फारसा बोलेनासा झाला. पडवीत बसून समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या एस.टी.च्या पाट्या वाचत राहिला.

शनिवारी सकाळी फोन वाजला, आणि पहिल्यांदाच फांगचा चेहरा दिसला. गोल चेहरा, लोकरीची टोपी, मागे माणसांची गर्दी. तिने एक पुठ्ठा धरला होता. त्यावर कुणीतरी चित्र काढावं तसं देवनागरीत "शरयू" काढलं होतं, र उलटा.

"लाडके, कुठल्या डब्यातून उतरलीस?" यंत्र मराठीत बोललं. "दिसत नाहीस."

"मी? फांगताई, मी घरी आहे."

"कुणाच्या घरी?"

"माझ्या. देवरुखला."

फांगने पुठ्ठा खाली केला. "तू लिहिलंस, येते. मी विचारलं नक्की, तू म्हणालीस नक्की. मी विचारलं कधी, तू म्हणालीस शनिवारी."

शरयूने कपाळावर हात मारला. भाषांतराचं यंत्र शब्दांचे अर्थ पाठ करून बसलेलं नसतं. आजूबाजूची वाक्यं बघून त्यातल्या त्यात संभवणारा अर्थ ते उचलतं. आजवर तिचं "बरं, येते" त्याने निमूटपणे निरोप म्हणूनच पोचवलं होतं. पण त्या दिवशी आधीची ओळ होती, "तू स्वतः येऊन घेऊन जाशील," आणि तिचं उत्तर होतं, "खरंच की." त्यापुढे "येते" म्हणणारी बाई येणारच, असा हिशेब यंत्राने केला. हिशेबात चूक नव्हती.

"फांगताई, आमच्यात निघताना जाते म्हणत नाहीत. वाईट दिसतं ते. येते म्हणतात."

"जाणाऱ्या माणसाने येते म्हणायचं? आणि येणाऱ्याने?"

"त्यानेही येते."

"मग ओळखायचं कसं?"

"पाय कुठल्या दिशेला आहेत ते बघून," शरयू म्हणाली आणि तिला रडू फुटेल असं वाटलं.

फांग हसली नाही. "मी नवी रजई भरून घेतली," ती म्हणाली. "मासा आणून ठेवला. सुनेला सांगितलं, माझी भारतातली मैत्रीण येणार."

तेवढ्यात भालचंद्र पडवीतून आत आला आणि शरयूच्या खांद्यावरून वाकून फोनकडे बघत त्याने हात जोडले.

"आं... ताई," तो म्हणाला. "चू... आ... ची आहे."

"काय बोलतायत? भाषांतर येत नाही."

"येणार नाही, ताई. चूक आमची आहे, असं म्हणतायत. ठिपके सुकलेत."

"त्यांना पुन्हा बोलू दे."

भालचंद्र पुन्हा बोलला. फांगने फोन कानाशी नेला. पडद्यावर फक्त तिची टोपी दिसत राहिली. मग ती स्टेशनच्या बाकावर बसली. "हनुवटीचा आणि ओठाचा," ती म्हणाली. "ही पट्टी मीच भरली होती. लाडके, मी घरी पोचते. तोवर पट्टी सोडवून, सेल काढून, कोमट पाण्यात ठेव."

"पाण्यात? खराब नाही का होणार?"

"फीत कधी मरत नाही. फक्त जेल मरतं. ही गोष्ट मी एकाही गिऱ्हाइकाला सांगितलेली नाही. सांगितली तर पुन्हा पट्टी कोण मागवणार?"

"मग मला तरी कशाला सांगताय? तुमचं पोट आहे त्यावर."

"मी पाहुणी बोलावली होती," फांग म्हणाली. "रिकाम्या हाताने कशी पाठवू?"

घरी पोचल्यावर तिने कॅमेऱ्यासमोर एक पांढरी, दोऱ्यांसारखी जुडी धरली. "समुद्रातल्या शेवाळापासून करतात. तुमच्याकडे मिळतं का शोधावं लागेल."

शरयूने निरखून पाहिलं, फळीवरचा डबा काढला आणि तिच्यासमोर तशीच जुडी धरली. "हे ना? हे तर चायना ग्रास. आम्ही पुडिंगमध्ये घालतो."

"कुठलं गवत?"

"तुमच्या देशाचं!"

"आमच्या देशात गवत कोणी खात नाही," फांग म्हणाली, आणि या वेळी दोघीही हसल्या.

नंतरचं काम शरयूच्या हाताला ओळखीचं होतं. इन्व्हर्टरसाठी आणलेलं शुद्ध पाणी, मोजून मीठ, म्हणजे वीज वाहायला वाट मिळते. टाचांच्या भेगांसाठी ठेवलेल्या बाटलीतलं ग्लिसरीन, म्हणजे ओलावा धरून राहतो. जुडी विरघळेपर्यंत मंद आचेवर ढवळायचं, आणि हाताला सोसेल इतकं कोमट झालं की गोठायच्या आत औषधाच्या ड्रॉपरने एकेका ठिपक्यावर थेंब सोडायचा. पहिल्या खेपेला थेंबात बुडबुडे राहिले. "घाई," फांग चीनमधून म्हणाली. दुसऱ्या खेपेला थेंब काचेसारखे बसले.

हनुवटीखालचा ठिपका शेवटचा होता. ड्रॉपर त्यावर धरून शरयू थांबली. बाकी सगळे भरले होते. हा एक कोरडा राहिला तर काही फार बिघडणार नव्हतं. तो जेवेल, बोलेल, तेजूशी गप्पा मारेल. फक्त प्रश्न विचारणार नाही. आणि तिला हाक मारायची तर एकच शब्द त्याच्यापाशी उरेल.

"काय झालं?" फांगने विचारलं.

"काही नाही," शरयू म्हणाली आणि तिने थेंब सोडला.

जेल बसल्यावर तिने पट्टी त्याच्या गळ्यावर चिकटवली, सेल घातला. भालचंद्रने सावकाश तोंड उघडलं.

"क. ख. ग. घ." तो थांबला. मग धरण फुटल्यासारखा सुटला. "अगं, हे कशात शिजवलंस? दुधाच्या पातेल्यात का? किती मीठ घातलंस? किती दिवस टिकणार? आणि आता दूध कशात तापवणार?"

"आला," शरयू म्हणाली. "अख्खा वर्ग हजर झाला." त्यात "अगं"ही परत आलं होतं, तेही तिने ऐकलं.

मग भालचंद्रने फांगला रीतसर नमस्कार केला आणि तिचे आभार मानले, सगळी अक्षरं जागच्या जागी ठेवून. यंत्राने ते पलीकडे पोचवलं. फांगने टोपी काढून ठेवली.

"इतकी वर्षं पट्ट्या विकतेय," ती म्हणाली. "मी बांधते, चिठ्ठी चिकटवते, पाठवते. गिऱ्हाईक लिहून कळवतं, माल मिळाला. माझ्या पट्टीतून माणूस बोलताना मी आज पहिल्यांदा ऐकला. आणखी बोला ना."

"काय बोलू?"

"काहीही. समोर दिसतंय ते सांगा."

भालचंद्रने घसा खाकरल्यासारखं केलं. त्याची आता गरज नव्हती, पण खिडकीतली सवय होती. त्याने समोर पाहिलं.

"समोर आमची ही उभी आहे," तो फलाटाच्या आवाजात सुरू झाला. "चष्मा डोक्यावर आहे आणि ती तो ओट्यावर शोधतेय. नाकाला ग्लिसरीन लागलंय, तिला माहीत नाही. शाळेत पोरं हिला टरकून असायची. मीही असतो, पण कमी."

"अहो, पुरे. त्या बाईंना काय करायचंय?"

"त्यांनी विचारलंय. चौकशीला उत्तर द्यायलाच लागतं." तो पुढे बोलायला लागला आणि त्याचा आवाज फलाटावरून हळूहळू खाली उतरला. "ऑपरेशन झाल्यावर माझ्याजवळ पाटी होती. भांडण झालं की माझी बाजू मी पाटीवर लिहायचो. मग ही ते मोठ्याने वाचायची, माझ्या आवाजात, माझ्या रागाने. आणि स्वतःच्या आवाजात त्याला उत्तर द्यायची. दोन्ही बाजू हीच लढायची, ताई. आणि कित्येक महिने, एकूण एक भांडणात, मला जिंकवायची."

शरयूने बंद असलेला गॅस पुन्हा एकदा बंद केला.

भाषांतराला जरा वेळ लागत होता. पलीकडे फांग मान पुढे काढून वाट बघत होती; तिच्यापर्यंत अजून काहीच पोचलं नव्हतं.